संग्राहकाची स्मृती आणि मालिकेचे नवेपण : पोकेमॉन-खेळांच्या जुन्या चाहत्यांच्या अपेक्षांविषयी

१

लोकप्रिय मालिकांच्या आस्वादकाविषयी समीक्षाव्यवहारात एक गृहीतक दीर्घकाळ रूढ आहे. अशा आस्वादकाला परिचिताची पुनरावृत्ती हवी असते, नावीन्य त्याला पेलत नाही आणि त्यामुळे मालिका हा रूपबंध मुळातच स्थितिशील असतो, असे हे गृहीतक आहे. उंबेर्तो एको यांनी १९८५ साली मालिकात्मकतेचे विवेचन करताना त्याला छेद दिला. भाबडा वाचक जुन्यालाच नवे समजून त्यात रमतो, तर जाणता वाचक जुन्या आराखड्यात केलेल्या बदलांची खेळी ओळखून तिचा आस्वाद घेतो, हा त्यांनी केलेला भेद महत्त्वाचा आहे. मात्र एको यांच्यासमोर असलेल्या गुप्तहेरकथा, दूरचित्रवाणी-मालिका आणि चित्रपटांचे पुढील भाग या उदाहरणांत एक गोष्ट समान होती. आस्वादक भाबडा असो वा जाणता, तो संहितेच्या बाहेर उभा होता. त्याने काय केले याची नोंद संहितेत होत नव्हती.

व्हिडिओ गेम या माध्यमात ही स्थिती बदलते, आणि ‘पोकेमॉन’ या जपानी खेळमालिकेत ती विशेष तीव्रतेने बदललेली दिसते. १९९६ साली सुरू झालेल्या या मालिकेचे बालपणीचे खेळाडू आज तिशी-चाळिशीत आहेत आणि प्रत्येक नव्या भागाविषयी त्यांचे ठाम म्हणणे असते. हे म्हणणे वरकरणी परस्परविरोधी आहे. काहीच बदलले नाही, ही एक तक्रार आणि जे बदलू नये तेच बदलले, ही दुसरी. नवे प्राणी हवेत, पण जुना एकही वगळता कामा नये. खेळ अधिक अवघड हवा, पण त्याचा साधेपणा हरवू नये. या विसंगतीचे स्पष्टीकरण बहुधा ‘स्मरणरंजन’ या एकाच शब्दाने केले जाते. चाहत्याला स्वतःचे बालपण परत हवे आहे, ते कोणताही खेळ देऊ शकत नाही, म्हणून तो असंतुष्ट राहतो, असा हा युक्तिवाद आहे. तो सोपा आहे, आणि अपुराही. या मागण्या खेळाच्या रूपबंधाशी जोडून वाचल्या, तर त्यांच्या मुळाशी एक सुसंगत साहित्यिक प्रश्न आढळतो : ज्या संहितेने आपल्या वाचकाला आठवणी साठवायला शिकविले, ती संहिता त्या आठवणींची काही देणेकरी ठरते काय?

२

प्रथम रूपबंधाचा विचार आवश्यक आहे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ या हातातल्या यंत्रासाठी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन खेळ एकाच वेळी प्रसिद्ध झाले. ते ‘गेम फ्रीक’ या संस्थेने घडविले होते. त्यांचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता आणि या खेळाची कल्पना त्या छंदातून आली, हे सर्वश्रुत आहे. कथानक अगदी साधे आहे. एक मूल घर सोडून निघते, एका प्राध्यापकाकडून त्याला पहिला प्राणी मिळतो, गावोगावी फिरत ते रानातले प्राणी पकडते, त्यांना लढायला शिकविते, आठ पदके मिळविते आणि अखेरीस विजेतेपदासाठी झुंजते. प्राणी १५१ होते. दोन आवृत्त्यांपैकी प्रत्येकीत काही प्राणी मुद्दाम वगळलेले असल्याने एकट्याला संग्रह पुरा करता येत नसे. त्यासाठी दुसऱ्या खेळाडूच्या यंत्राला तार जोडून देवघेव करावी लागे.

या रचनेत दोन गोष्टी अंतर्भूत आहेत. पहिली म्हणजे पूर्णत्वाचे आवाहन. ‘सगळे पकडायचे’ हा इंग्रजी जाहिरातीतला घोष पुढे जगभर गेला. परंतु हे पूर्णत्व आरंभापासूनच सदोष होते. १५१ वा प्राणी, ‘म्यू’, खेळाच्या रूढ मार्गाने मिळतच नसे. तो कंपनीने स्वतंत्रपणे वाटला तरच हाती येई. संग्रहाला एक रिकामी जागा ठेवूनच संग्रहाची हाक दिली गेली होती. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. या खेळातला प्रत्येक प्राणी एकाच वेळी जातीचा नमुना असतो आणि एक व्यक्तीही असते. यादीतली त्याची नोंद सर्वांसाठी सारखी असते, पण पकडलेल्या प्राण्याला खेळाडूने दिलेले नाव असते, त्याच्यावर मूळ प्रशिक्षकाची ओळख कोरलेली असते, आणि देवघेवीत तो कितीही हात बदलत गेला तरी ती ओळख पुसली जात नाही. पुढील भागांत तो कोठे भेटला याचीही नोंद होऊ लागली.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ साली आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना दाखविले आहे, की संग्राहकाच्या लेखी वस्तूचे मोल तिच्या उपयोगात नसते. ती कोठे, कशी हाती आली या आठवणींनी ती वस्तू वेढलेली असते. पोकेमॉनचे वेगळेपण असे, की बेंजामिन यांच्या संग्राहकाने जी स्मृती आपल्या मनात बाळगली, ती येथे वस्तूच्याच अंगावर लिहिली जाते. खेळाडूचा भूतकाळ संहितेत शिरतो. साध्या अर्थाने वाचक संहितेचा सहलेखक होतो, असे म्हणण्याची फॅशन बरीच जुनी झाली आहे. येथे तो किमान तिचा नोंदणीकार तरी निश्चितच होतो.

३

आता मालिकेच्या अंतर्विरोधाकडे वळता येईल. वोल्फगांग इझर यांच्या परिभाषेत प्रत्येक संहितेत एक ‘अभिप्रेत वाचक’ दडलेला असतो. संहितेच्या रचनेनेच त्याची जागा आखून दिलेली असते. पोकेमॉनच्या जवळजवळ प्रत्येक मुख्य भागाचा अभिप्रेत वाचक हे घराबाहेर पहिले पाऊल टाकणारे मूल आहे. प्राणी कसा पकडायचा, आगीपुढे पाणी प्रभावी ठरते, हे त्याला दरवेळी नव्याने समजावून सांगितले जाते. प्रत्यक्ष वाचक मात्र भागागणिक मोठा होत गेला आहे. तो हे धडे दहा वेळा शिकला आहे. अभिप्रेत वाचक आणि प्रत्यक्ष वाचक यांच्यातील हे वाढते अंतर हेच जुन्या चाहत्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ स्थान आहे. चांगले ठरलेले भाग आणि फसलेले भाग यांची तुलना केली, तर हे अंतर त्यांनी कसे हाताळले यावरच त्यांचे यशापयश पुष्कळसे अवलंबून असल्याचे दिसते.

१९९९ सालच्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या दुसऱ्या जोडीने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आजही अनेक चाहते प्रमाण मानतात. या खेळात नवा प्रदेश आहे, १०० नवे प्राणी आहेत आणि घड्याळाबरोबर बदलणारे दिवसरात्र आहेत. पण विजेतेपद मिळाल्यावर खेळ संपत नाही. खेळाडूला पहिल्या भागाचा प्रदेश खुला होतो. तेथे तीन वर्षे लोटली आहेत, एका बेटावरचे गाव ज्वालामुखीने उद्ध्वस्त झाले आहे, पूर्वीचा प्रतिस्पर्धी आता एका व्यायामशाळेचा प्रमुख झाला आहे. अखेर एका पर्वताच्या गुहेत पहिल्या भागाचा नायक, रेड, उभा असतो. तो काही बोलत नाही. त्याच्या संघात पहिल्या भागातले तीनही आरंभीचे प्राणी पूर्ण वाढलेल्या रूपात असतात. खेळाडूला मात्र त्या तिघांपैकी एकच निवडता आला होता. हा तपशील अर्थपूर्ण आहे. गुहेतला रेड कोणा एका खेळाडूचे प्रतिबिंब नाही. तो पहिला भाग खेळलेल्या साऱ्यांची बेरीज आहे. नवख्या मुलासाठी तो एक बलाढ्य प्रतिस्पर्धी असतो. जुन्या खेळाडूसाठी तीच लढत स्वतःच्या भूतकाळाशी असते. एकाच प्रसंगात दोन वाचकांसाठी दोन अर्थ ठेवणे आणि एकाचा अर्थ दुसऱ्याच्या आड येऊ न देणे, ही या भागाची सिद्धी आहे.

२०१० सालच्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ने नेमका उलट मार्ग घेतला. या जोडीत १५६ नवे प्राणी आणले गेले आणि मुख्य कथानक संपेपर्यंत जुना एकही प्राणी रानात भेटत नसे. अभिप्रेत वाचकाला जुन्या खेळाडूपर्यंत वर आणण्याऐवजी येथे जुन्या खेळाडूलाच पुन्हा नवखा करण्यात आले. शिवाय ‘एन’ या पात्राच्या तोंडून मालिकेच्या मूळ व्यवहारावरच प्रश्न उभा केला गेला : प्राण्यांना पकडून लढायला लावणे न्याय्य आहे काय? आरंभी या भागाचे स्वागत संमिश्र झाले. आइस्क्रीमच्या किंवा कचऱ्याच्या पिशवीच्या आकाराच्या प्राण्यांची टिंगल झाली, जरी पहिल्या भागातही गाळाचा गोळा आणि चेंडूसारखा दिसणारा प्राणी होताच. पुढे मात्र याच भागाची प्रतिष्ठा वाढत गेली आणि कथानकाच्या दृष्टीने तो मालिकेतील सर्वांत गंभीर प्रयत्न मानला जाऊ लागला. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’च्या संकल्पनेला यापेक्षा नेटके उदाहरण लोकप्रिय संस्कृतीत क्वचित सापडेल. संहितेने क्षितिज ओलांडले, प्रथम अंतर जाणवले आणि कालांतराने क्षितिजच सरकले. चाहत्याला नावीन्य पेलत नाही, हे गृहीतक येथे टिकत नाही.

त्याला निव्वळ पुनरावृत्ती हवी असते, हे दुसरे गृहीतकही २०२१ साली तपासले गेले. २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या खेळांच्या नव्या आवृत्त्या त्या वर्षी आल्या. त्या मूळ संहितेशी इतक्या एकनिष्ठ होत्या, की २००८ च्या ‘प्लॅटिनम’ या सुधारित आवृत्तीने घातलेली बरीचशी भर त्यांत आलीच नाही. स्मरणरंजनाचा सिद्धान्त खरा असता, तर जुना चाहता येथे पूर्ण तृप्त व्हावयास हवा होता. पण नापसंतीचा मोठा सूर त्याचाच होता. त्याच्या स्मृतीतला खेळ हा पंधरा वर्षांत वारंवार खेळून, ‘प्लॅटिनम’शी एकजीव होऊन घडलेला खेळ होता. हुबेहूब नक्कल ही संहितेशी प्रामाणिक राहिली, वाचनाशी मात्र नाही.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ‘लेजेंड्स : आर्सियस’ने काढलेला मार्ग लक्षणीय आहे. याचे कथानक ‘डायमंड’-‘पर्ल’च्याच प्रदेशात, पण कित्येक पिढ्या मागे घडते. तेथील माणसे या प्राण्यांना घाबरतात, त्यांची पहिली सूची अजून तयार व्हावयाची आहे. नायक मात्र काळाच्या भेगेतून आधुनिक जगातून तेथे येऊन पडला आहे. खेळाडूला जे ठाऊक आहे ते गावकऱ्यांना ठाऊक नाही. मालिकेत आजवर ज्या पूर्वज्ञानाकडे दुर्लक्ष केले जात होते, ते येथे कथानकातच समर्थनीय ठरते. अभिप्रेत वाचक प्रथमच जुन्या वाचकासारखा दिसू लागतो.

४

वरील विवेचन संहितेच्या अंतर्गत रचनेविषयी झाले. जून २०१९ मध्ये उद्भवलेला वाद अधिक कठीण प्रश्न उभा करतो. नोव्हेंबरमध्ये यावयाच्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’ या खेळांत जुने सर्व प्राणी आणता येणार नाहीत, असे निर्माते जुनिची मासुदा यांनी जाहीर केले. प्राण्यांची वाढलेली संख्या, चित्रणाचा दर्जा आणि लढतींचा समतोल ही कारणे देण्यात आली. प्राण्यांची एकूण संख्या तेव्हा आठशेच्या पुढे गेली होती. प्रत्यक्षात खेळ आला तेव्हा त्याच्या सूचीत ४०० प्राणी होते. २०२० च्या जोडभागांनी आणखी अनेक परत आणले, तरी सर्व नाहीतच.

यावर उसळलेला क्षोभ बाहेरच्या निरीक्षकाला अवाजवी वाटला. चारशे प्राणी कमी थोडेच आहेत, असा प्रश्न विचारला गेला. समीक्षेतही या प्रश्नाला पूरक असा सिद्धान्त उपलब्ध आहे. एजी ओत्सुका यांनी १९८९ साली मुलांच्या संग्राह्य चिकटचित्रांचा अभ्यास करून असे मांडले, की ग्राहक सुट्या वस्तूंमागचे ‘जग’ खरेदी करीत असतो. यासाठी त्यांनी काबुकी रंगभूमीवरील ‘सेकाई’ (सर्वपरिचित कथाविश्व) आणि ‘शुको’ (त्यात केलेली नवी युक्ती) या संज्ञा वापरल्या. आख्यान आधीच ठाऊक असलेल्या श्रोत्यांसमोर उभ्या राहणाऱ्या कीर्तनकाराचा व्यवहार ज्यांना परिचित आहे, त्यांना हा भेद सहज उमगेल. हिरोकी आझुमा यांनी २००१ साली एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या मते आता मागे असे एकसंध जगही उरलेले नाही. उरली आहे ती घटकांची एक ‘विदागार’सदृश सूची, जीतून ग्राहक हवे ते उचलतो.

पोकेमॉन हे आझुमा यांच्या सिद्धान्ताचे आदर्श उदाहरण वाटावे, आणि तरीही २०१९ चा क्षोभ त्यातून उलगडत नाही. चाहता केवळ सूचीतले घटक उपभोगीत असता, तर चारशे घटकांनी त्याची गरज भागावयास हरकत नव्हती. त्याचा आक्षेप जातीच्या वगळण्यापेक्षा व्यक्तीच्या अडवणुकीला होता. २००२ च्या ‘रुबी’ किंवा ‘सॅफायर’मध्ये पकडलेला एखादा प्राणी २००६ च्या, मग २०१० च्या खेळांत आणि पुढे ‘बँक’ व ‘होम’ या साठवण-सेवांमार्फत यंत्रामागून यंत्रे ओलांडीत आणता येत होता. प्रत्येक टप्प्यावरचा हा प्रवास एकदिशेचा होता. वर आलेला प्राणी मूळ ठिकाणी परत जाऊ शकत नसे. पुढचा दरवाजा उघडा राहील, या विश्वासावरच मागचा बंद करून घेतला जात होता. २०१९ मध्ये काही प्राण्यांपुरता पुढचा दरवाजा उघडलाच नाही.

अशी खंडितता पूर्वी घडली नव्हती असे नाही. २००२ साली यंत्र बदलले तेव्हा पहिल्या दोन पिढ्यांतील प्राण्यांना पुढे येण्याचा कोणताच मार्ग उरला नव्हता. त्या खेळांच्या पट्ट्यांतील स्मृती एका लहान बॅटरीवर टिकून असे. बॅटरी संपली की संग्रहही नाहीसा होई. पण २००२ मध्ये मालिका सहा वर्षांची होती आणि २०१९ मध्ये तेवीस वर्षांची. खंडितता तीच असली, तरी तिने तोडलेल्या भूतकाळाची लांबी निराळी होती. शिवाय मधल्या काळात मालिकेने स्वतःच सातत्याची सवय लावली होती. अपेक्षा ही वाचकाची मनमानी नसते, संहितांच्या परंपरेने ती घडविलेली असते, हे याउस यांचे प्रतिपादन येथे अक्षरशः लागू पडते.

चाहत्यांच्या बाजूची एक दुर्बलता मात्र नजरेआड करता येत नाही. आक्षेप घेणाऱ्या सर्वांजवळ जुने प्राणी जपून ठेवलेले होतेच असे नव्हे. अनेकांनी तत्त्व म्हणून ‘सगळे’ मागितले. आज प्राण्यांची संख्या १,०२५ झाली आहे. प्रत्येक भागात प्रत्येक प्राणी असावा, ही मागणी व्यवहारात दिवसेंदिवस अशक्य होत जाणारी आहे. म्यूची रिकामी जागा ठेवून सुरू झालेल्या मालिकेत पूर्णत्व हे नेहमीच क्षितिजासारखे होते. त्याला वस्तुस्थिती मानणे हा मूळ आवाहनाचाच अपलाप होय.

५

अवघडपणाचा प्रश्नही याच दृष्टीने पाहता येतो. २०१३ च्या खेळांत लढतीचा अनुभव संपूर्ण संघाला वाटून देणारी सोय होती. ती तेव्हा बंद करता येई, पुढे येईनाशी झाली. २०१२ च्या ‘ब्लॅक २’मध्ये कठीण पातळी होती, परंतु ती उघडणारी किल्ली खेळ जिंकल्यानंतर मिळे आणि ही सोयही पुढे टिकली नाही. संहितेने आव्हान नाकारल्यावर वाचकांनी ते स्वतः रचले. २०१० साली एका चित्रमालिकेतून पसरलेली ‘नझलॉक’ ही नियमावली याचे उदाहरण आहे. प्रत्येक ठिकाणी भेटलेला पहिलाच प्राणी पकडावयाचा, तो लढाईत पडला तर मेला असे मानून सोडून द्यावयाचा, आणि प्रत्येकाला नाव द्यावयाचे. यातला तिसरा नियम खेळ अवघड करीत नाही. तो गमावलेल्या प्राण्याचे दुःख वाढवितो. म्हणजे खेळाडूंनी अवघडपणाच्या नावाखाली जे निर्माण केले, ते मुख्यतः परिणाम असलेले स्मरण होते. जो प्राणी गमावता येतो, त्याचीच आठवण राहते. नव्या भागांकडून ‘अवघड खेळ’ मागणाऱ्या चाहत्याला बहुधा हेच अभिप्रेत असते.

नोव्हेंबर २०२२ मधील ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ यांनी चाहत्यांची जुनी मागणी मान्य करून मोकळे, कोणत्याही दिशेने फिरता येणारे जग दिले. परंतु प्रतिस्पर्ध्यांची ताकद खेळाडूच्या प्रगतीनुसार बदलत नसल्याने मोकळ्या वाटांखाली जुना क्रम तसाच राहिला, आणि तांत्रिक दोषांवरही मोठी टीका झाली. तरीही पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती विकल्या गेल्याचे निन्टेंडोने जाहीर केले. तक्रार आणि खरेदी यांचे हे सहअस्तित्व ढोंग म्हणून हिणविले जाते. वस्तुतः त्यातून नात्याचे स्वरूपच स्पष्ट होते. ज्याचा भूतकाळ मालिकेत नोंदलेला आहे, त्याला ती सोडून जाणे हे केवळ एक वस्तू न घेण्याइतके सोपे नसते. म्हणूनच निर्मात्यांना त्याची निष्ठा गृहीत धरता येते, आणि म्हणूनच ती गृहीत धरणे हा नैतिक प्रश्न ठरतो.

या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घरातून प्रथमच बाहेर पडणारे मूल हा या मालिकेचा प्राण आहे. जुन्या खेळाडूंच्या स्मृतीनेच मालिका भरून टाकली, तर त्या मुलाला शिरायला जागा उरणार नाही, आणि ज्या अनुभवाच्या आठवणीसाठी जुना चाहता भांडतो तो अनुभवच पुढे कोणाच्या वाट्याला येणार नाही. ‘गोल्ड’ची गुहा आणि ‘आर्सियस’ची काळातली भेग ही दोन्ही उदाहरणे महत्त्वाची ठरतात ती यासाठीच, की त्यांनी मुलाची जागा अबाधित ठेवून जुन्या वाचकाची दखल घेतली. चाहत्याच्या विसंगत वाटणाऱ्या मागण्यांचा अन्वय या दखलेत लागतो. मालिकेने थांबावे, असे तो म्हणत नाही. पुढे जाताना तिने आपल्याला ओळख द्यावी, एवढेच त्याचे मागणे आहे.

मालिकात्मक साहित्याच्या मीमांसेत आजवर निर्माता, संहिता आणि बाजारपेठ यांच्या संबंधांवर पुरेसा भर दिला गेला आहे. वाचकाच्या वाढत्या वयाचा विचार मात्र तिच्या कडेलाच राहिला. एकाच वाचकाचे आयुष्य सोबत घेऊन चालणाऱ्या संहितांचे मूल्यमापन करताना हे वय विचारात घ्यावेच लागेल.